गुडघ्यात पाणी झालंय, पण कशामुळे?

(कम्युनिटी रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज आपण गुडघ्याबद्दल बोलू. गटाची बैठक म्हटली की आपण सतरंजीवर मांडी घालून बसतो. एखादी ताई मात्र भिंतीला टेकून एक पाय लांब करून बसते. पुढच्या बैठकीला ती खुर्ची मागते. त्यानंतर तिची बचत दुसऱ्या कुणाच्या हातून येते, ती स्वतः येत नाही. चौकशी केली की उत्तर ठरलेलं असतं, “गुडघ्यात पाणी झालंय.” आणि हे ऐकलं की आपलीही चौकशी तिथेच संपते. जणू आजाराचं नाव कळलं!

मी डॉक्टर नाही, गटांची समन्वयक आहे. औषध कुठलं घ्यायचं हे मी सांगणार नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं, किती घाईनं जायचं आणि तिथे काय सांगायचं, एवढंच आज बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे गुडघ्यात पाणी होणं हे आजाराचं नाव नाही. ती एक खूण आहे. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते. ओल दिसली की आपण विचारतो, कौल फुटलंय का, नळ गळतोय का, की जमिनीतून पाणी चढतंय? कारण न शोधता नुसता रंग मारला तर पुढच्या पावसात ओल परत येते. गुडघ्याचंही तसंच आहे. ओल एकच दिसते, कारणं वेगवेगळी असतात.

आता हे पाणी येतं कुठून? गुडघ्याच्या सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. ते थोडंसं चिकट वंगण तयार करतं. चांगल्या गुडघ्यात हे वंगण चहाच्या एका चमच्याहूनही कमी असतं. सांध्यात काही बिघडलं, मार बसला, जंतू शिरले किंवा सूज आली, की हे अस्तर चिडतं आणि जास्त पाणी सोडू लागतं. मोठी सूज असली तर वाटीभर पाणीसुद्धा साठू शकतं.

आपल्याकडे एकाच बाईला एक जण सांगतो, “तुझ्या गुडघ्यातलं वंगण संपलंय,” आणि दुसरा सांगतो, “पाणी झालंय.” मग ती गोंधळते. संपलंय म्हणावं की साठलंय? खरं म्हणजे झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिच्या झिजण्यानं अस्तर चिडतं आणि पाणी वाढतं. हे वाढलेलं पाणी पातळ असतं, चांगल्या वंगणासारखं दाट नसतं. म्हणून पाणी भरलेलं असूनही गुडघा कुरकुरतो.

सूज खरंच सांध्यातली आहे का, हे घरी थोडंफार कळतं. चटईवर दोन्ही पाय लांब करून सैल सोडा आणि दोन्ही गुडघे शेजारी शेजारी बघा. वाटीच्या दोन्ही बाजूंना जे खळगे असतात, ते एका पायाला भरून गेलेत का? वाटीच्या वरची बाजू फुगली आहे का? पाणी बरंच असेल तर वाटी बोटानं हलकेच दाबल्यावर खाली जाते आणि टपकन हाडाला लागते. गुडघा पूर्ण वाकत नाही, पूर्ण सरळही होत नाही.

फक्त वाटीवर लिंबाएवढी मऊ गाठ आली असेल, तर पाणी बहुतेक सांध्याबाहेरच्या पिशवीत असतं. गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्या बायकांना हे होतं. ती गाठ लाल आणि गरम झाली तर तीही दाखवायला हवी. दोन्ही पाय घोट्यापासून सुजले असतील आणि बोट दाबल्यावर खड्डा पडत असेल, तर तो गुडघ्याचा आजार नव्हे. त्यासाठी रक्तदाब, लघवी, रक्त आणि हृदय तपासावं लागतं. गरोदर बाईला अशी सूज असेल आणि डोकं दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. कारण ओळखायला डॉक्टरांना तीन प्रश्नांची उत्तरं लागतात. ती आपण घरूनच ठरवून गेलो तर अर्धं काम होतं.

पहिला प्रश्न, सूज कधी आणि किती वेळात आली?

बांधावरून पाय घसरला, मोळी घेऊन उतरताना गुडघा मुरगळला, दुचाकीवरून पडलो, आणि दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला, तर आत बहुधा पाणी नसून रक्त साठलेलं असतं. हाड मोडलेलं असू शकतं किंवा सांधा धरून ठेवणारा दोर, म्हणजे लिगामेंट, तुटलेला असू शकतो. अशा पायावर भार देऊ नका, मालीश करू नका, ओढून बसवायला कुणाच्या हाती देऊ नका. एक्स-रे लागतोच. तोच गुडघा दुसऱ्या दिवशी सुजला, वाकताना अडकतो, मध्येच निसटल्यासारखा वाटतो, तर दोन हाडांमधल्या गादीला इजा झालेली असू शकते. तेही हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं असतं.

इथे आयांसाठी एक गोष्ट सांगते. लहान मुलग्याचा गुडघा किरकोळ पडण्यानं वारंवार सुजत असेल, आणि त्याच्या मामाला किंवा आजोळच्या कुणा पुरुषाला जखमेतून रक्त न थांबण्याचा त्रास असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा. हिमोफिलिया नावाच्या आजारात सांध्यात रक्त साठतं. त्या मुलाला मालीश आणि कमरेवरचं इंजेक्शन दोन्ही घातक ठरू शकतं.

मार काहीच लागलेला नाही आणि सूज हळूहळू, महिन्या-महिन्यानं येते-जाते, तर पन्नाशीनंतर त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सांध्याची झीज. लावणीचे दिवस, डोंगराची चढउतार, लग्नघरातली चार दिवसांची उभी कामं झाली की पाणी वाढतं. विश्रांती मिळाली की उतरतं.

दुसरा प्रश्न, गुडघा गरम आणि लाल आहे का? ताप आहे का?

मैत्रिणींनो, आजचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे मात्र ठेवा. एक गुडघा एक-दोन दिवसांत सुजला, हाताला गरम लागतो, जरा हलवला तरी बाई ओरडते, पाय टेकवत नाही आणि ताप किंवा थंडी आहे, तर सांध्यात जंतू शिरलेले असू शकतात. सांध्यात पू झाला तर काही दिवसांतच कूर्चा कायमची खराब होते. जंतू रक्तात पसरले तर जीवावर बेततं. मधुमेह असलेल्या, वय झालेल्या, स्टेरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या किंवा नुकतंच गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या बायकांना हा धोका जास्त असतो. मधुमेह असेल किंवा वय झालं असेल, तर कधी कधी ताप येतही नाही. म्हणून ताप नाही या भरवशावर थांबू नका.

आमच्या एका गटात असं घडलं होतं. लावणीचा हंगाम होता, घरात माणसं कमी आणि कामं जास्त. पन्नाशी उलटलेल्या ताई, साखरेचा आजार जुना. गुडघा सुजला. सगळ्यांनी सांगितलं, पाणी झालंय, लेप लाव, दोन दिवस बस. लेप लावला. हप्ता गोळा करायला गेलेल्या गटाच्या सचिवांनी सहज अंगाला हात लावला, तर अंग तापलेलं. त्यांनी रिक्षा बोलावली आणि त्याच संध्याकाळी ताईंना मोठ्या रुग्णालयात नेलं. सुई घालून पाहिलं तर पू निघाला. शस्त्रक्रिया करून सांधा धुवावा लागला, मग कित्येक आठवडे औषधं चालली. त्या ताई आज चालतात, बाजारात जातात. उकिडवं बसणं मात्र त्यांना जमत नाही. आणखी दोन दिवस गेले असते तर किती गेलं असतं, याचा विचार मी नेहमी करते.

असाच गरम, लाल, असह्य गुडघा गाऊट नावाच्या आजारातही होतो. त्यात युरिक ॲसिडचे बारीक खडे सांध्यात जमतात. पुरुषांना हा जास्त होतो, बायकांना बहुतेक पाळी गेल्यानंतर. बऱ्याचदा तो पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो. रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं दिसलं म्हणून गुडघ्याचा त्रास त्यामुळेच आहे असं ठरत नाही. गाऊट आणि जंतूंचा संसर्ग बाहेरून सारखेच दिसतात. फरक सांध्यातलं पाणी तपासल्यावर कळतो. म्हणून असा गुडघा गाऊटचाच असेल असं समजून घरी बसायचं नाही.

तिसरा प्रश्न, एकच गुडघा की आणखीही सांधे?

सकाळी उठल्यावर हाताची बोटं आखडलेली, बांगडी चढत नाही, भाकरी थापता येत नाही, आणि हे अर्धा-एक तास किंवा जास्त चालतं. दोन्ही हातांचे लहान सांधे, मनगटं आणि सोबत गुडघे सुजतात. असं सहा आठवड्यांहून जास्त चाललं तर संधिवाताची, म्हणजे आमवाताची, तपासणी हवीच. हा आजार बायकांमध्ये जास्त दिसतो आणि चाळिशीच्या आधीही होतो. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. त्यामुळे “म्हातारपणाचं दुखणं” म्हणून तरण्या बाईला गप्प बसवू नका.

आपल्या महाराष्ट्रातलाच दाखला देते. पुणे जिल्ह्यात उजनी धरणाजवळ भिगवण नावाचं गाव आहे. तिथे १९९६ साली डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. मोठ्या माणसांत दर शंभरात सुमारे १८ जणांना हाडा-सांध्याचं काही ना काही दुखणं निघालं. आमवात मात्र दोनशेत एखाद्यालाच होता. म्हणजे दुखणारे गुडघे गावात पुष्कळ, पण प्रत्येक दुखणारा गुडघा एकाच आजाराचा नाही. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्याला का चालत नाही, ते यावरून कळतं.

तापानंतर अनेक सांधे धरले असतील तर चिकुनगुन्या आठवा. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला त्याची मोठी साथ आली होती. मग बरीच वर्षं तो दिसला नाही आणि २००६ मध्ये राज्यभर परत आला. ताप चार-आठ दिवसांत जातो, सांधे मात्र कित्येक आठवडे, काहींचे कित्येक महिने दुखतात. बहुतेकांचं हळूहळू बरं होतं. तीन महिने उलटूनही सूज राहिली तर पुन्हा तपासून घ्या.

आणि एक चोरपावलांचा आजार आहे, तो म्हणजे गुडघ्याचा क्षयरोग. टीबी फक्त छातीत होतो असं नाही. एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजलेला राहतो, फार लाल किंवा गरम नसतो, मांडी मात्र बारीक होत जाते. सोबत वजन घटणं, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम असू शकतो, पण दर वेळी असेलच असं नाही. नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी तो थोडा दबतो आणि आत सांधा खात राहतो. त्याचं औषध बराच काळ, वर्षभर किंवा अधिकही घ्यावं लागतं, पण ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

आता पाणी काढण्याबद्दल बोलू. याची आपल्याला फार भीती. “एकदा काढलं की सारखं काढावं लागतं,” असं म्हणतात. पाणी परत भरतं ते कारण तसंच राहिल्यामुळे, सुईमुळे नाही. कौल न बदलता भिंत पुसली तर ओल येणारच. डॉक्टर कातडी स्वच्छ करून बारीक सुईनं पाणी ओढतात. त्यानं ताण कमी होतो, पण खरा फायदा तपासणीचा असतो. पाणी गवती पिवळं आणि स्वच्छ असेल तर बहुधा झीज. गढूळ असेल तर संसर्ग, गाऊट किंवा आमवात. रक्त असेल तर इजा. रक्तावर तेलाचे थेंब तरंगत असतील तर हाड मोडल्याचा संशय. नुसत्या रंगावरून निदान पक्कं होत नाही, म्हणून पाणी प्रयोगशाळेत पाठवून पेशी, जंतू आणि खडे बघतात. पाणी काढलं तर “तपासायला पाठवणार ना?” असं विचारायला लाजू नका.

पाणी काढून त्याच सुईनं औषध सोडतात, ते बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. योग्य जागी ते उपयोगाचं आहे. पण आत जंतू असतील तर ते द्यायचं नसतं. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, म्हणून आधी सांगावं लागतं. इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून घ्या. जो कागद देत नाही आणि दर पंधरवड्याला सुई टोचतो, त्याच्याकडे गुडघा देऊ नका. बिब्बा घालणं, डाग देणं, जळवा लावणं यानं सांध्यातलं पाणी जात नाही. उलट कातडीला जखम होऊन जंतूंना वाट मिळते. निर्गुडीचा किंवा गरम पाण्याचा शेक जुन्या, थंड, आखडलेल्या गुडघ्याला बरा वाटतो. लाल आणि गरम गुडघ्याला शेक नको.

तपासून घातक काही नाही, झीज आहे, असं ठरलं तर पुढचं बरंच आपल्या हातात असतं. सूज असताना कापडात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा. फ्रीज नसेल तर माठातल्या पाण्याची ओली घडी ठेवा. गुडघ्याखाली कायम उशी ठेवू नका, पाय वाकलेलाच राहायची सवय लागते. गुडघ्यात पाणी भरलं की मांडीचा पुढचा स्नायू सुस्त होतो, म्हणूनच पायातला जोर गेल्यासारखा वाटतो. त्यासाठी पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबा, पाच आकडे मोजा आणि सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. ताजी दुखापत किंवा गरम गुडघा असेल तेव्हा हे करू नका.

वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं तरी चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. विळीवर, चुलीपुढे तासन्‌तास उकिडवं बसण्याऐवजी उंच पाट किंवा स्टूल घ्या. संडासात खुर्ची ठेवायला लाज कसली? वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून रोज खाऊ नका. पोट, किडनी आणि रक्तदाब या तिन्हींवर त्या परिणाम करतात. गरोदरपणी तर विचारल्याशिवाय एकही नको.

आता गटाचं काम. बाई स्वतःहून दवाखान्यात जात नाही. लावणी संपू दे, पोराची परीक्षा होऊ दे, हातात पैसे येऊ दे, असं तिचं चालू असतं. म्हणून बैठकीतली गैरहजेरी नुसती वहीत मांडू नका, कारण विचारा. गुडघा असेल तर तिला हे तीन प्रश्न विचारा, उत्तरं कागदावर लिहा, चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत टाका आणि एकीनं सोबत जा. आधी आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गरज पडली तर पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आहे. गरम गुडघा आणि ताप असेल तर थेट रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. मोठा खर्च सांगितला तर शासकीय योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा.

अंतर्गत कर्जाचंही बोलून ठेवा. गाय घ्यायला, शिलाई मशीन घ्यायला आपण बैठकीची तारीख थांबून बघतो, ते ठीक. दवाखान्याच्या कर्जाला महिन्याची बैठक थांबवायची नाही, असा ठराव प्रत्येक गटानं करून ठेवावा. अध्यक्ष आणि सचिवांनी त्याच दिवशी रक्कम द्यायची आणि पुढच्या बैठकीत मंजुरी लिहायची.

येत्या बैठकीत दहा मिनिटं काढा. सगळ्या जणी पाय लांब करून बसा आणि एकमेकींचे गुडघे बघा. हसू येईल, येऊ द्या. पण एखादीचे खळगे भरलेले दिसले तर तिला त्याच आठवड्यात घेऊन जा.